व्युत्पत्ती आणि रूढी : इंग्रजी वाक्प्रचारांच्या मुळांचा विचार

१

कोणत्याही वाक्प्रचाराविषयी दोन प्रश्न विचारता येतात. त्याचा अर्थ काय, हा पहिला. आणि तो आला कोठून, हा दुसरा. पहिला प्रश्न कोशकाराचा आणि भाषांतरकाराचा, दुसरा इतिहासकाराचा. व्यवहारात मात्र हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, आणि मूळ कळले की अर्थ कळला, मूळ न कळल्यास अर्थही अपुराच राहिला, अशी समजूत दृढ होऊन बसते. इंग्रजी वाक्प्रचारांच्या बाबतीत ती विशेष बळावलेली आहे. ब्रूअर यांचा वाक्प्रचार आणि दंतकथा यांचा कोश १८७० साली प्रसिद्ध झाला, आणि प्रत्येक वाक्प्रचाराच्या पोटी एक रंजक गोष्ट दडलेली असते या श्रद्धेवर पुढे ग्रंथांची एक परंपराच उभी राहिली. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याला अशा ग्रंथांचा आधार वाटणे स्वाभाविक आहे. जो शब्दसमूह तर्काने उलगडत नाही, तो गोष्टीने उलगडला तर स्मरणात राहतो. परंतु स्मरणाला साहाय्य करणे निराळे आणि अर्थाचा निर्णय करणे निराळे.

हा भेद भारतीय काव्यशास्त्राला नवा नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रूढिमूलक लक्षणेचे उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द घेतला. कुश नावाचे दर्भ जपून तोडून आणणारा तो कुशल, असा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून निपुण हा अर्थ लक्षणेने आला, असे त्याचे म्हणणे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त यावर आक्षेप घेतला. शब्द ज्या कारणाने घडला ते एक, आणि तो ज्या कारणाने वापरला जातो ते दुसरे. 'कुशल' म्हणजे निपुण हाच त्या शब्दाचा मुख्यार्थ असून तेथे लक्षणा मानण्याचे कारण नाही. तसे मानले तर गमनार्थक धातूपासून निघालेला 'गो' शब्द निजलेल्या गाईला लावतानाही लक्षणा मानावी लागेल. व्युत्पत्तिनिमित्त आणि प्रवृत्तिनिमित्त यांची ही फारकत वाक्प्रचाराच्या चर्चेत पदोपदी उपयोगी पडते. दर्भाची पाती हाताला न कापता तोडण्याचे कौशल्य ज्याने कधी पाहिले नाही, त्यालाही 'कुशल' शब्द वापरताना काही उणे पडत नाही. इंग्रजी वाक्प्रचारांचे नेमके असेच आहे.

२

गोष्ट सांगण्याची हौस किती दूर जाते, याची साक्ष भारताशी जोडल्या गेलेल्या एका शब्दावरून मिळते. उंची, डौलदार या अर्थाचा 'पॉश' हा इंग्रजी शब्द मराठीतही आता घरचा झाला आहे. विलायतेहून हिंदुस्थानात येणाऱ्या आगबोटीवर जाताना डाव्या अंगाची आणि परतताना उजव्या अंगाची खोली उन्हापासून बचावलेली असे. धनिक उतारू तशी मागणी करीत, आणि त्यांच्या तिकिटांवर चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे उमटवली जात. त्या अक्षरांचा झाला 'पॉश' शब्द, अशी ही कथा आहे. ती ऐकावयास सुरेख आहे. सुवेझचा कालवा, तांबड्या समुद्रातील उकाडा, साहेबांचा थाट, सर्व काही तीत आहे. नाही ते फक्त तिकीट. तशा अक्षरांचे एकही तिकीट पुढे आलेले नाही, आणि या कथेला आधार देणारा त्या काळचा कागदही सापडलेला नाही.

धो धो पावसाला इंग्रजीत मांजरे आणि कुत्री पडतात, असे म्हणतात. त्यावरही एक कथा सांगितली जाते. जुन्या घरांच्या गवती छपरांत ही जनावरे आसरा घेत, आणि पावसाने छप्पर निसरडे झाले की घसरून खाली पडत. ज्याने गवताने शाकारलेले छप्पर एकदा तरी पाहिले आहे, त्याला ही कल्पना पटणे कठीण. कुत्रा छपरात कसा शिरला, एवढा प्रश्न विचारला तरी ती कोसळते. प्रत्यक्ष पुरावा सांगतो तो इतकाच की, या धर्तीचे प्रयोग सतराव्या शतकाच्या मध्यापासून लिखित आढळतात, आणि आजच्या रूपातील वाक्प्रचार जोनाथन स्विफ्टच्या १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या संवादांत येतो. त्या संवादांचा उद्देशच मुळी प्रतिष्ठितांच्या बोलण्यातील झिजलेल्या शब्दसमूहांची थट्टा हा होता. म्हणजे त्या वेळीच हा वाक्प्रचार जुना आणि गुळगुळीत झालेला होता. मांजर आणि कुत्रे यांचे वैर, पावसाचा गोंगाट आणि अतिशयोक्तीची आवड यांपलीकडे त्याला कारण असेलच असे नाही. मराठीत पाऊस मुसळधार पडतो. तो पडताना कोणाच्या डोळ्यांपुढे मुसळ उभे राहत नाही, आणि आकाशातून मुसळे पडल्याची कथाही कोणी रचलेली नाही.

असत्य कथांचा उगम मनुष्याच्या एका मूलभूत अस्वस्थतेत आहे. अर्थ आहे पण कारण नाही, ही अवस्था बुद्धीला सोसत नाही. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाने या अस्वस्थतेला शिस्त लावली. १८८४ साली त्याचा पहिला भाग निघाला आणि १९२८ साली तो पुरा झाला. प्रत्येक शब्दाचे प्रयोग कालक्रमाने मांडावयाचे, आणि त्या क्रमातून जे निष्पन्न होईल तेवढेच म्हणावयाचे, ही त्याची रीत. या रीतीपुढे पुष्कळ मनोहर कथा टिकल्या नाहीत. कारण ज्या घटनेतून वाक्प्रचार जन्मला असे सांगितले जाते, तिच्याही आधीचा त्याचा प्रयोग एखाद्या जुन्या पुस्तकात निघावा, एवढे पुरते. उलट, रीत कठोर आहे म्हणून ती नुसती संहारकच आहे असेही नाही. हॉब्सनची निवड म्हणजे निवडच नसणे. या वाक्प्रचारातील टॉमस हॉब्सन हा केंब्रिजचा भाड्याने घोडे देणारा खराखुरा गृहस्थ होता; तो १६३१ साली वारला, आणि दाराजवळचा घोडा घ्यावा, नाही तर पायी जावे, हा त्याचा नियम १७१२ साली 'स्पेक्टेटर' पत्रात नोंदवला गेला. जॉन डेनिस या नाटककाराने १७०९ साली आपल्या नाटकासाठी रंगभूमीवर मेघगर्जना करण्याची नवी युक्ती काढली. नाटक पडले, परंतु त्याच नाट्यगृहात 'मॅक्बेथ'च्या प्रयोगात तीच गर्जना त्याच्या कानी आली. दुसऱ्याचे श्रेय लाटणे या अर्थाचा 'गर्जना चोरणे' हा वाक्प्रचार या प्रसंगावरून सांगितला जातो, आणि ही हकीकत अठराव्या शतकातच लिहून ठेवलेली आहे. गोष्ट असणे हा दोष नव्हे. तिला साक्ष नसणे हा दोष.

हिंदुस्थानशी जोडलेल्या वाक्प्रचारांच्या बाबतीत स्वाभिमान हा आणखी एक मोह आड येतो. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. कशाची काडीइतकीही पर्वा नसणे या अर्थी इंग्रज जो 'डॅम' शब्द वापरतो तो शाप नसून मोगली अमदानीतले 'दाम' हे तांब्याचे नाणे असावे, अशी कल्पना त्यांनी पुढे केली. अकबराच्या काळी चाळीस दामांचा एक रुपया होई; तेव्हा 'एका दामाचीही किंमत नाही' हा अर्थ चोख बसतो. परंतु अर्थ चोख बसणे हा पुरावा नव्हे. त्या शब्दाच्या जुन्या प्रयोगांत नाण्याचा मागमूस लागत नाही, आणि शाप या अर्थाच्या दुसऱ्या इंग्रजी शब्दाचेही असेच प्रयोग आढळतात; म्हणून ऑक्सफर्डच्या कोशाने ती कल्पना स्वीकारलेली नाही. याच्या उलट 'चीज' या शब्दाचे उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात उत्कृष्ट वस्तूला इंग्रज बोलीत 'चीज' म्हणत. ते दुधाचे चीज नसून फारसीतून हिंदुस्थानीत रुळलेली 'चीज' असावी, हे मत बहुतेक जाणकारांनी ग्राह्य मानले आहे. पुढे अमेरिकेत बड्या माणसाला 'मोठे चीज' म्हणू लागले, तेव्हा ते म्हणणाऱ्यांच्या मनात दुधाचाच पदार्थ असणार. एकाच कोशातील दोन सूचनांपैकी एक टिकली, एक टिकली नाही. आणि टिकण्याचे कारण भारतीयांचा अभिमान नव्हे, प्रयोगांचा क्रम हे आहे.

३

व्युत्पत्तीच्या अभ्यासाचा खरा लाभ मात्र एका निराळ्याच ठिकाणी होतो. इंग्रजीचे जे वाक्प्रचार अगदी अस्सल, इंग्रजी मातीतले म्हणून मिरवतात, त्यांतील पुष्कळसे भाषांतरित आहेत, आणि काही तर चुकीने भाषांतरित झालेले आहेत.

स्पष्टवक्तेपणाला इंग्रजीत फावड्याला फावडे म्हणणे असे नाव आहे. साधा, रांगडा, शेतकरी बाण्याचा हा वाक्प्रचार इंग्रजी स्वभावाचा आरसा म्हणून दाखवला जातो. त्याचा प्रवास असा : मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याविषयी प्लूटार्कने एक आख्यायिका दिली आहे. आपल्याला लोक देशद्रोही म्हणतात, अशी तक्रार काही ग्रीकांनी त्याच्याकडे केली. तेव्हा मॅसिडोनियाचे लोक आडदांडच, ते डोणीला डोणीच म्हणतात, असे त्याने उत्तर दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डोणी, काथवट, कोरून पोकळ केलेले भांडे, असा. इरॅस्मसने लॅटिनमध्ये हे वचन आणताना तेथे जमीन खणण्याचे अवजार घातले, आणि निकोलस यूडलने १५४२ साली इरॅस्मसचे इंग्रजी भाषांतर करताना त्याचे फावडे केले. एका विद्वानाच्या हातून डोणीचे अवजार झाले, आणि एक राष्ट्र आपल्या स्पष्टवक्तेपणाची खूण म्हणून ते अवजार खांद्यावर घेऊन चालू लागले.

पँडोराच्या पेटीची कथा अशीच आहे. हेसिअडच्या काव्यात पेटी नाही. आहे तो धान्य किंवा मद्य साठवण्याचा मोठा रांजण. त्याचे झाकण निघाल्यावर सर्व आपत्ती जगात पसरल्या आणि आशा तेवढी आत राहिली. १५०८ च्या व्हेनिस येथील आवृत्तीत इरॅस्मसने रांजणाच्या जागी हातात मावणारी पेटी घातली, आणि तीच युरोपभर गेली. पानोफ्स्की दाम्पत्याने १९५६ साली एक संपूर्ण ग्रंथ लिहून या स्थित्यंतराचा माग काढला. रांजण घरात पुरलेला असतो, तो उचलून नेता येत नाही. पेटी मात्र चित्रकाराला पँडोराच्या हातात देता येते. चूक झाली खरी, पण त्या चुकीने प्रतिमा हलती झाली. मूळ शुद्ध ठेवणाऱ्याला हा अपभ्रंश वाटेल. वाक्प्रचाराच्या दृष्टीने ही त्याची दुसरी सुपीक जन्मभूमी ठरली.

बायबलच्या इंग्रजी भाषांतराचे ऋण यापेक्षाही मोठे आहे. लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशीचा एक विधी सांगितला आहे. दोन बकरे आणावयाचे. चिठ्ठ्या टाकून एकाचा देवाला बळी द्यावयाचा. दुसऱ्याच्या मस्तकावर सर्व लोकांची पापे आरोपित करून त्याला जिवंत रानात सोडून द्यावयाचे. हिब्रूतील 'अजाजेल' या शब्दाचा अर्थ निसटून जाणारा बकरा असा करून टिंडलने १५३० साली त्यासाठी 'स्केपगोट' हा शब्द घडवला. तो शब्द अजाजेल नावाच्या रानातल्या पिशाचाचा वाचक असावा, असेही पुष्कळ विद्वानांचे मत आहे. म्हणजे इंग्रजीतील हा अत्यंत उपयुक्त शब्द कदाचित एका विशेषनामाच्या फोडीतून निघालेला आहे. तरी त्याचे कोणाला वैषम्य नाही; ज्या अर्थाला नाव नव्हते त्या अर्थाला नाव मिळाले.

'डोळ्यातील सफरचंद' हा अत्यंत प्रिय व्यक्तीसाठी वापरला जाणारा इंग्रजी वाक्प्रचार तर भाषांतरकाराने मुद्दाम थांबून पाहावा असा आहे. बुबुळाच्या मध्यावरील काळ्या टिकलीला इंग्रज पूर्वी फळाप्रमाणे गोल, भरीव मानीत. राजा आल्फ्रेडने नवव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीच्या ग्रंथाचे जे भाषांतर केले, त्यातही हा शब्द आहे. १६११ च्या बायबलमध्ये हिब्रू शब्दासाठी हेच फळ योजलेले आहे. परंतु हिब्रू शब्दाचा परंपरेने सांगितला जाणारा अर्थ आहे डोळ्यातील छोटा माणूस. लॅटिनमध्ये त्याच जागी छोटी मुलगी आहे, ग्रीकमध्ये मुलगी आहे, संस्कृतात कनीनिका आहे, आणि मराठीत बाहुली आहे. दुसऱ्याच्या डोळ्यात डोकावणाऱ्याला तेथे आपलीच इवलीशी आकृती दिसते, हे ज्याने त्याने आपापल्या देशी पाहिले आणि आपापल्या भाषेत साठवले. इंग्रजीवरून बायबलचे भाषांतर करणारा मराठी लेखक सफरचंद सोडून बाहुली लिहितो, तेव्हा तो मुळापासून दूर जात नाही. इंग्रजीला वळसा घालून तो हिब्रूच्या उंबरठ्यावर पोहोचलेला असतो.

४

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. मराठीत आलेले इंग्रजी वाक्प्रचार भाषांतरित आहेत, एवढ्याच कारणावरून त्यांना त्याज्य ठरवणे योग्य नाही. त्या न्यायाने इंग्रजीचाही अर्धा खजिना रिता करावा लागेल. एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजी वळणाच्या मराठीविषयी जी तक्रार चालत आली आहे, तिच्यात तथ्य आहे. पण तिचा रोख बहुधा चुकीच्या जागी असतो. परकी प्रतिमा सहज ओळखू येते म्हणून टीकाकार तिच्यावर तुटून पडतो, आणि परकी वाक्यरचना नजरेतून निसटते. 'नक्राश्रू' हा शब्द आधुनिक काळात इंग्रजीच्या सहवासात रूढ झालेला आहे. मध्ययुगीन युरोपीय प्राणिकथांतील, भक्ष्य खाताना रडणारी मगर त्यात आहे. मराठीने त्याला संस्कृत रूप दिले; बंगालीने 'कुंभीराश्रू' म्हटले; हिंदीने 'घड़ियाली आँसू' असे रोजच्या बोलीतले रूप पसंत केले. तिन्ही भाषांनी एकच ऋण घेतले, पण आपापल्या नाण्यात. 'सुवर्णमध्य', 'मधुचंद्र' हेही असेच रुळले. 'हिमनगाचे टोक' हा तर विशेषच. ज्या मराठी माणसाने हिमनग कधी पाहिला नाही आणि पाहण्याचा संभव नाही, तोही हा वाक्प्रचार बिनदिक्कत वापरतो. कारण दिसते ते थोडे आणि दडलेले ते अफाट, ही कल्पना चित्रासारखी समोर उभी राहते. येथे अनुभवाची उणीव भूगोलाच्या पुस्तकाने भरून काढली आहे.

मग टिकतात कोणते आणि पडतात कोणते? ज्यांतील प्रतिमा स्वतःच बोलते, ज्यांची बांधणी मराठी क्रियापदाला मानवते, आणि ज्या अर्थाला घरी तितका नेमका शब्द नव्हता, ते टिकतात. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. पिशवीतून मांजर बाहेर पडणे मराठीत रुजले नाही. कारण 'बिंग फुटणे' आणि 'भांडे फुटणे' आधीच हजर होते. बादलीला लाथ मारून मरणेही रुजणार नाही. ग्रोसच्या १७८५ च्या ग्राम्य शब्दांच्या कोशात तो वाक्प्रचार आहे, आणि ती बादली म्हणजे कापलेले जनावर टांगण्याचा दांडा असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. पण भाषांतरकाराला या दांड्याचा उपयोग नाही. त्याला हवी आहे ती बोलण्याची पातळी : मृत्यूचा उल्लेख आहे, पण आदर नाही आणि शोकही नाही. मराठीत 'राम म्हणणे' येथे जड होईल, 'कैलासवासी होणे' हास्यास्पद होईल. 'गचकणे' नेमके बसेल. ज्याने दांड्याची व्युत्पत्ती पाठ केली आणि 'राम म्हटला' असे लिहिले, त्याचे ज्ञान वाया गेले.

प्रतिमा समान असली म्हणजे अर्थही समान असतो, हा दुसरा भ्रम. येशूला मृत्युदंड देताना रोमन सुभेदार पिलात याने लोकांसमोर हात धुतले आणि जबाबदारी झटकली. त्यावरून इंग्रजीत एखाद्या गोष्टीचे हात धुणे म्हणजे तिच्याशी संबंध तोडणे. मराठीतही हात धुतात. पण वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारा मनुष्य संबंध तोडत नाही, लाभ उपटतो. हात धुऊन मागे लागणारा तर पाठच सोडत नाही. आणि एखाद्या गोष्टीवरून हात धुऊन बसणारा ती गमावून बसलेला असतो. पाणी तेच, हात तेच, कृती तीच. चार ठिकाणी चार अर्थ. पिलाताचा अर्थ सांगावयाचा तर मराठीने 'हात झटकणे' किंवा 'हात वर करणे' पुढे करावे लागते. चित्रावरून अर्थ ठरत नाही, रूढीवरून ठरतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

'बळीचा बकरा' या रूढ प्रयोगाची चिकित्साही याच दृष्टीने केली पाहिजे. तो 'स्केपगोट'चा पर्याय म्हणून मराठी, हिंदी या दोन्ही भाषांत चालतो. मूळ विधीत बकरे दोन होते, आणि पापे वाहून नेणारा बकरा बळी गेलेला नव्हता, तो जिवंत सुटलेला होता. भारतीय भाषांनी देवीपुढे मान देणारा आपला ओळखीचा बकरा घेतला, आणि नकळत पहिल्या बकऱ्याला दुसऱ्याचे काम सांगितले. इरॅस्मसच्या पेटीप्रमाणेच हीही चूक आता भाषेची झाली आहे. ती उपटून काढण्याचे प्रयोजन नाही. तरी या बदलात काहीतरी हरवले, हे ध्यानात घेतले पाहिजे. बळीच्या बकऱ्यात निष्पापाचा घात आहे, पण दुसऱ्याचे पाप त्याच्या माथी असल्याची खूण त्याच्यात अंगभूत नाही. तो अंश मराठीत एका जुन्या म्हणीने धारदारपणे सांभाळला आहे : चोर सोडून संन्याशाला फाशी. तेथे अपराधी कोण, दंड कोणाला, आणि न्याय देणारा कसा, हे तिन्ही एका वाक्यात येते. प्रसंगाला यांपैकी काय हवे ते पाहून भाषांतरकाराने निवड करावी. नवा शब्द हाताशी आहे म्हणून जुनी म्हण विसरू नये.

इतिहासजन्य वाक्प्रचारांत ही निवड अधिक नाजूक होते. १८१५ साली नेपोलियनचा वॉटर्लू येथे पाडाव झाला. कोणाचा निर्णायक पराभव झाला म्हणजे त्याला त्याचे वॉटर्लू भेटले, असे इंग्रज म्हणतो. मराठीत 'पानिपत होणे' आयते तयार आहे, आणि कोशात हे दोन्ही समोरासमोर ठेवले तर कोणी हरकत घेणार नाही. पण वॉटर्लूचा उच्चार करणारा इंग्रज त्या रणांगणावर विजयी होता. तो दुसऱ्याच्या नाशाकडे तटस्थपणे, किंचित कौतुकाने पाहतो. १७६१ च्या पानिपताचा उच्चार करणारा मराठी माणूस स्वतःच्या घरातले मरण सांगतो. अर्थ सारखा आहे, बोलणाऱ्याची उभी राहण्याची जागा सारखी नाही. त्यातून लंडनच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या तोंडी 'माझे पानिपत झाले' हे वाक्य घातले, तर कादंबरी क्षणभर शनिवारवाड्यात शिरल्यासारखे होते. अशा ठिकाणी 'धुव्वा उडाला' किंवा 'पुरता बुडाला' हा स्थळकाळाचा शिक्का नसलेला शब्द अधिक प्रामाणिक ठरतो.

५

व्युत्पत्तीची उपेक्षा करावी, असा याचा निष्कर्ष नव्हे. जेथे वाक्प्रचारातील शब्दच फसवा असतो, तेथे मुळाचे ज्ञान भाषांतरकाराला अपघातातून वाचवते. दारूने झिंगलेल्याला इंग्रजीत 'वाऱ्यावर तीन शीट' म्हणतात. हे शीट म्हणजे चादर नव्हे आणि शीडही नव्हे. खलाश्यांच्या भाषेत शिडाचे खालचे टोक ताणून धरणारा तो दोर. तीन दोर सुटले की शिडे फडफडतात आणि जहाज झोकांड्या खाते. हे माहीत असलेला लेखक निदान चादर तरी लिहिणार नाही. मुळाचे दुसरे प्रयोजन काव्यात. लेखक जेव्हा झिजलेल्या वाक्प्रचारातील विझलेली प्रतिमा मुद्दाम फुंकून पेटवतो, त्यावर श्लेष करतो किंवा ती लांबवतो, तेव्हा रूढार्थ पुरत नाही. मूळ चित्रही भाषांतरात आणावे लागते. लोगन पिअर्सल स्मिथने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात इंग्रजी वाक्प्रचारांचे धंद्यांनुसार वर्गीकरण करून समुद्र, शिकार, शेती, स्वयंपाक यांनी भाषेला काय दिले ते दाखवले. त्याचे महत्त्व अर्थनिर्णयात नाही. एका समाजाचे हात पूर्वी कशात गुंतलेले होते, हे त्यातून कळते.

मराठीत दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'चे दोन भाग १९४२ आणि १९४७ साली निघाले, आणि भाषांतरकाराला त्यांचा आधार आजही घ्यावा लागतो. त्या पायावर आता प्रयोगांचा कालक्रम लावून पाहण्याचे काम हवे आहे. कारण गोष्टी रचण्याची हौस मराठीतही कमी नाही. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार १७७३ च्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी जोडला जातो. 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, ही लोकपरंपरा. तिच्या सत्यतेविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. वाक्प्रचाराचा अर्थ या वादावर मुळीच अवलंबून नाही. लेखातील अक्षर फिरवून अनर्थ करणे हा अर्थ निर्वेध चालतो. पण एका ऐतिहासिक व्यक्तीवरील आरोप मात्र प्रत्येक उच्चाराबरोबर पुन्हा वाचला जातो. अर्थाला पुराव्याची गरज नसली, तरी आरोपाला असते. व्युत्पत्तीच्या संशोधनाला भाषाशास्त्राबरोबरच न्यायबुद्धीचेही अधिष्ठान असते, ते येथे.

इंग्लंडमध्ये कोणाला खडसावणे म्हणजे त्याला 'दंग्याचा कायदा' वाचून दाखवणे. तो कायदा १७१५ पासून अमलात आला. बारा किंवा अधिक लोकांचा बेकायदा जमाव असेल तर अधिकाऱ्याने ठरावीक घोषणा वाचावी, आणि तासाभरात पांगले नाहीत तर ते गंभीर शिक्षेस पात्र ठरावे, अशी त्याची योजना होती. कायदा केव्हाच रद्द झाला. वाक्प्रचार मात्र घरोघरी आईबापांच्या तोंडी चालू आहे. मराठीत जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. आणि ती म्हण वापरणाऱ्या शहरी घरांत जाते उरलेले नाही, सूपही क्वचितच दिसते. नमनाला घडाभर तेल खर्चणारे दिवे आणि मशाली गेल्या, नमन लांबवणारे वक्ते राहिले. वस्तू जाते आणि तिचे नाव घेऊन चालणारा अर्थ मागे राहतो, हा दोन्ही भाषांतील समान नियम आहे. जात्याचा घास म्हणजे काय हे न पाहिलेला मराठी तरुण आपल्याच म्हणीपुढे आज जवळजवळ त्या जागी उभा आहे, जेथे इंग्रजी वाक्प्रचारापुढे परदेशी विद्यार्थी उभा असतो : दोघांनाही अर्थ रूढीने मिळतो, चित्र मात्र कोणी सांगितले तरच दिसते. कोशकाराने ते चित्र खरे तेच सांगावे, आणि भाषांतरकाराने आधी अर्थाचे देणे चुकते करावे. दोघांनी आपापले काम ओळखले, तर एका भाषेची डोणी दुसऱ्या भाषेत फावडे होऊन आली, तरी तिने काम केल्याशी कारण.